पट नऊ

गेल्या विकांताला गावाला जाऊन आलो. यात्रा होती. पाडवा झाला की आमच्या सातारा जिल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा असते, आणि पुण्या-मुंबईतली माणसं रजेचे अर्ज टाकून नाहीतर सरळ थापा मारून गाव गाठतात. मी थाप मारली नाही. शुक्रवार 'वर्क फ्रॉम होम' दाखवला, एवढंच. (आमचा मॅनेजर मराठी वाचत नाही, हा मराठीत लिहिण्याचा एक छुपा फायदा.)

आमचं गाव म्हणजे खरं तर वाडी. डोंगराच्या पोटाशी साठेक उंबरे. त्यातले निम्म्याहून जास्त वर्षातले पंधरा दिवस उघडतात, बाकी वर्षभर कुलूप. माणसं नवी मुंबईत. आमच्या भागातली गेल्या दोन पिढ्यांची माणसं माथाडी म्हणून आधी मशीद बंदरला आणि मग वाशीच्या मार्केटला गेली, ती तिकडचीच झाली. माझ्या पिढीतले आम्ही काही जण पुण्यात लॅपटॉप घेऊन बसलो. ओझं वेगळं, प्रकार तोच.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ग्रामस्थ मंडळाची बैठक असते. यंदाचा विषय होता देवळाचा सभामंडप. फरशी ग्रॅनाइटची की कोट्याची, यावर पाऊण तास गेला. मग वर्गणीचे आकडे माईकवरून पुकारले. मीही दिले. (किती ते इथं सांगत नाही, माईकवरून सांगून झालंय.) सगळं आटोपत आलं तेव्हा आमचे चुलते, नाना, उभे राहिले आणि म्हणाले, "शाळेचा पट नवावर आलाय. दोन पोरं चौथी होऊन जाणार. पहिलीला औंदा एकच पोरगं हाय. म्हंजी आठ. शाळा ऱ्हातीय का न्हाई, तेबी एकदा बघा की."

दोन-चार माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "बघू बघू, आधी जेवून घ्या, पंगत बसलीय." आणि बैठक संपली.

ही बैठक भरली कुठं होती माहितीये? शाळेत. देऊळ उकललंय ना, मग बसायचं कुठं?

परत येताना गाडी चालवत हाच विचार डोक्यात होता. पट नऊ. खरं म्हणजे हा काही एकट्या आमच्या वाडीचा प्रश्न नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचे प्रस्ताव मागवले होते. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही नावं पुढं होती. तेव्हा आकडा बाहेर आला: अशा शाळा १४,७८३, आणि त्यात मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. भागाकार करून बघा, शाळेमागं बारा-तेरा मुलं. त्यावर बरीच ओरड झाली. पण प्रश्न काही मिटलेला नाही, कारण मुलं कमीच होतायत. एक्सेल उघडून बसलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल, चार वाड्यांच्या चार शाळा कशाला? एक चांगली काढा, बस लावा. मलाही वाटलं असतं. आपला धंदाच तो आहे.

इथं हापिसातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं एक जुना सर्व्हर बंद करायचा होता. मॉनिटरिंगवर बघितलं तर महिन्याला लॉगिन करणारे यूजर चार. चार लोकांसाठी कशाला चालू ठेवायचा? शुक्रवारी रात्री बंद केला, पिझ्झा मागवला, घरी गेलो. सोमवारी सकाळी कुणालाही न्यायला कॅब आली नाही. कधी काळी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी कॅबची यादी बनवणारी एक छोटी स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर टाकून ठेवली होती. ती रोज पहाटे गुपचूप चालायची. कुठल्याही कागदावर तिची नोंद नव्हती. तेव्हापासून आमच्या टीमचा नियम आहे की काहीही बंद करायच्या आधी यूजर किती हे विचारायचं नाही, यावर काय काय चालतं हे विचारायचं.

वाडीच्या शाळेचा पट म्हणजे हे लॉगिनचे आकडे आहेत. नऊ यूजर. आता त्या दोन खोल्या आणि एका पडवीवर काय काय चालतं ते बघू.

मतदान तिथं होतं. पोलिओचा डोस तिथंच. लग्नाला पाव्हणे जास्त झाले की त्यांच्या गाद्या तिथंच पडतात. पावसाळ्यात डोंगराकडच्या चार घरांना धोका वाटला की रात्रीची माणसं तिथं येतात, कारण पक्क्या स्लॅबची आणि सगळ्यांची अशी तेवढीच इमारत आहे. 'सगळ्यांची' हा शब्द इथं महत्त्वाचा. देऊळ म्हटलं तर मान कुणाचा, पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार, यावरून आमच्याकडं बोलाचाली बंद झालेल्या आहेत. वाडीत भावकीच्या बाहेरचीही घरं आहेत आणि ती सभामंडपात कुठं बसतात ते मी लहानपणापासून बघतोय. शाळेत मात्र शाळेच्या पटावर नावं ज्या क्रमानं लिहिली त्या क्रमानं बसायचं. माझ्या शेजारी कोण बसणार हे गुरुजींनी ठरवलं होतं, नानांनी नाही.

२०२० सालची गोष्ट आहे. मे महिन्यात मी पुण्याहून पास काढून गावी गेलो. आई एकटी होती, आणि दोन महिने फ्लॅटमध्ये कोंडून मीही कंटाळलो होतो. वाडीच्या तोंडाशीच अडवलं. बाहेरून आलेल्यानं आधी चौदा दिवस शाळेत राहायचं, असं ठरलं होतं. मुंबईहून आलेले पाच जण आधीच होते. ते मोठ्या खोलीत, मी एकटा धाकट्या खोलीत. पहिली-दुसरीच्या. ज्या भिंतीला टेकून मी बाराखडी म्हटली त्या भिंतीला टेकून मी चौदा दिवस स्टँडअप मीटिंगा केल्या, मोबाइलच्या रेंजसाठी खिडकीत लॅपटॉप ठेवून. माझ्यामागं फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती आणि खाली 'हजर मुले', 'हजर मुली'. बंगळूरच्या माझ्या टीमलीडला वाटलं मी काहीतरी गमतीचं बॅकग्राउंड लावलंय.

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो ती माणसं रस्त्यावरून जाताना तोंड फिरवून जात होती. मुंबईकरांबद्दल तर उघड बोललं जायचं, 'रोग घेऊन आले' म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सहा जणांच्या भाकऱ्या आणि पिठलं झाकून ठेवलेलं होतं. कुणी ठेवलं? पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या मावशींनी. शाळा बंद, त्यांचं मानधन कधी येणार त्याचा पत्ता नाही, पण शाळेच्या खोलीत माणसं आहेत म्हणजे त्यांचं जेवण आपल्याकडं, असा त्यांचा साधा हिशोब. मग इतर घरांतूनही डबे येऊ लागले. पाचव्या दिवशी गुरुजी मास्क लावून आले (आम्हाला शिकवणारे नव्हेत, आत्ताचे), अंगणात लांब उभे राहिले, आणि आमची नावं, कुठून आलो, ताप आहे का, हे वहीत लिहून घेतलं. तेच तालुक्याला कळवायचं कामही त्यांच्याकडं होतं. त्यांनी जाता जाता विचारलं, "पोरांना फोनवर गणितं देतोय. पण फोन चारच घरात आहेत. तुम्ही मोकळेच असाल तर फळ्यावर लिहाल का? पोरं गेटच्या बाहेरून लिहून घेतील."

मी मोकळा अजिबात नव्हतो, डिलिव्हरी होती. पण रोज संध्याकाळी पाच वाजता फळा पडवीत आणून दहा गणितं लिहू लागलो. पोरं गेटबाहेर दगडांवर बसून उतरवून घ्यायची. तेव्हा पट एकोणीस होता.

सांगायचा मुद्दा हा की वाडी त्या महिन्यात फुटायच्या बेतात होती. गावकर एकीकडं, मुंबईकर एकीकडं. ती फुटली नाही, यात त्या दोन खोल्यांचा, मावशींचा आणि एका गुरुजींचा मोठा वाटा आहे. हे कुठल्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये लिहिणार?

आणि ही जुनी गोष्ट आहे बरं का. आमची आजी सही करायची. तिच्या वयाच्या वाडीतल्या बऱ्याच बायका करायच्या. मोठा झाल्यावर मला कळलं की यामागं एक मोहीम होती. १९५९ साली साताऱ्यात 'ग्राम शिक्षण मोहीम' सुरू झाली आणि मग ती राज्यभर गेली. प्राथमिक शाळेतले शिक्षक आणि गावातले चार शिकलेले लोक मिळून संध्याकाळी मोठ्यांना लिहा-वाचायला शिकवायचे, आणि गाव साक्षर झालं की समारंभ करायचे. आजी सांगायची, दिवसभर शेतात राबून रात्री कंदील घेऊन शाळेत जायचं, आणि झोप आली की एकमेकींना चिमटे काढायचे. हसायला यायचं म्हणे, कारण पोरगं दिवसा ज्या पाटावर बसतं त्याच पाटावर रात्री आई. शाळा म्हणजे सकाळी साडेदहा ते पाच, पहिली ते चौथी, हे आपण नंतर ठरवलेलं आहे.

त्याच्याही आधी, कराडजवळ काले इथं १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना खायला घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक पोराला पाठ असते. आम्ही ती गोष्ट भाषणात वापरून गुळगुळीत केली आहे. पण तिच्यातली एक बाजू राहून जाते. नुसते कर्मवीर देत नव्हते, गावंही देत होती. कुणी जागा, कुणी धान्य, कुणी नुसती अंगमेहनत. ज्यात आपला दगड लागलाय ती इमारत माणूस सहज पडू देत नाही. उलट दिशेनंही हेच. ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ काम करत होत्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागं असायची, तर त्यांनी गुरं चरतात तिथं 'कुरणशाळा' नेली. पट कमी म्हणून शाळा लांब न्यायची, की पट वाढावा म्हणून शाळा जवळ न्यायची, या दोन पूर्ण वेगळ्या डोक्यांच्या गोष्टी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं भावनिक झालं. नऊ पोरांच्या शाळेत शिकणं काय होणार? बरोबर आहे, आणि हे मी टाळणार नाही. चार इयत्तांना मिळून एक-दोन शिक्षक. त्यातला एक बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की उरलेला चार वर्ग बघणार. कबड्डीला दोन संघ होत नाहीत. दुसरीत एकटीच मुलगी असेल तर तिचा पहिला नंबरही तोच आणि शेवटचाही तोच. अशा शाळेत मूल एकटं पडतं, हे खरंच आहे. काही ठिकाणी एकत्र करणं शहाणपणाचं असेलही. पण त्यासाठी रस्ता लागतो, पावसात चालणारी गाडी लागते. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, ही अट नियमांमध्ये उगाच आलेली नाही. सहा वर्षांचं पोर तेवढंच चालतं. आमच्याकडून पुढची शाळा चार किलोमीटर, मध्ये ओढा. जुलैत त्या ओढ्यानं गुरंही पार करत नाहीत. गाडी आली नाही त्या दिवशी कोण घरी राहणार, मुलगा की मुलगी, हे सांगायला मला कुठल्या सर्व्हेची गरज नाही.

आणि दुसरं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. पाऊण सदस्य पालक, आणि निम्म्या सदस्य बायका. आमच्या काकी दोन वर्षं त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मला वाटायचं सह्यांपुरतीच असेल. तर यात्रेत बोलता बोलता कळलं, एकदा आलेला तांदूळ वहीतल्या आकड्यापेक्षा कमी भरला म्हणून काकींनी पोतं न पोतं परत मोजायला लावलं होतं. ज्या बाईला ग्रामस्थांच्या बैठकीत मी कधी बसलेलं बघितलं नाही (बायका पडवीच्या बाहेर उभ्या राहून ऐकतात), तिला त्याच खोलीत खुर्ची होती, आणि तिनं विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागत होतं. शाळा चार किलोमीटरवर गेली तर समितीही तिकडं जाणार. काकी चार किलोमीटर जाऊन तांदूळ मोजणार आहेत का?

बरं, हे फक्त वाड्यांचं आहे असंही नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक सरकारी शाळा आहे. चांगली तीन मजली, समोर मैदान. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गेटला कुलूप. भिंतीच्या या बाजूला आम्ही चारशे फ्लॅटवाले, मुलांना खेळायला जागा नाही म्हणून पोडियमवर क्रिकेट बंदी असल्याचे बोर्ड लावतो. त्या बाजूला वस्तीतली मुलं कुलूप लावलेल्या मैदानाबाहेर, रस्त्यावर खेळतात. मी एकदा जाऊन मुख्याध्यापिकांना भेटलो. रविवारी सकाळी तीन तास मैदान उघडता येईल का म्हणून. त्या अगदी नीट बोलल्या. म्हणाल्या, "मला आवडेल हो. पण काही फुटलं, कुणाला लागलं, तर उत्तर मीच देणार. तुमच्यातलं कोणी येऊन थांबेल?"

मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. पहिला प्रतिसाद: तिथं पार्किंग मिळेल का? दुसरा: कल्पना छान, पण 'ती' मुलंही येतील ना? तिसरा, हसरा चेहरा. चारशे फ्लॅटांतून शेवटी आम्ही तिघं निघालो. एक मी, एक तळमजल्यावरचे निवृत्त काका, आणि एक टेस्टिंगमधली मुलगी जी शाळेत असताना खो-खो खेळायची. गेल्या दिवाळीपासून रविवारी सात ते दहा आळीपाळीनं थांबतो. फार काही महान घडलेलं नाही. चेंडू दोनदा काचेला लागला, काच आम्ही भरली. पण परवा माझी लेक एका मुलीला घेऊन घरी पाणी प्यायला आली, आणि ती मुलगी आमच्याच मजल्यावर काम करणाऱ्या ताईंची निघाली. दोघींनी एकमेकींना खो-खोत गडी म्हणून निवडलं होतं. त्या ताई पाच वर्षं आमच्या लिफ्टनं ये-जा करतात. त्यांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. लाज वाटली.

कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ मध्ये परिसर शाळेची शिफारस केली होती, म्हणजे वस्तीतल्या सगळ्या थरांतली मुलं वस्तीतल्याच शाळेत. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरचे जे. पी. नाईक, ज्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं. साठ वर्षं झाली त्याला. माझी लेक पिवळ्या बसमधून अकरा किलोमीटर लांब जाते, कारण ती शाळा चांगली आहे असं सगळे म्हणतात. भिंतीपलीकडची शाळा कशी आहे हे मी मुख्याध्यापिकांना भेटेपर्यंत आत जाऊनही बघितलं नव्हतं. तेव्हा पट कमी कोणी केला असं विचारलं, तर सरकारकडं बोट दाखवण्याआधी मला जरा इकडंतिकडं बघावं लागतं.

एवढं सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. यात्रेहून निघायच्या आदल्या रात्री माझा चुलतभाऊ पडवीत येऊन बसला. त्याची मुलगी दुसरी पास होऊन तिसरीला जाणार. हुशार आहे. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी आता खालच्या फाट्यापर्यंत येते. बायको मागं लागलीय. "दादा, तू शिकलेला हायस. घालू का तिकडं? नवाचे आठ झालेत, ही गेली की सात. नाना बोलणार मला. पण पोरीचं काय?"

मी सुरू केलं, की बघ, वाडीची शाळा टिकली पाहिजे, शाळेवर किती काय काय चालतं... तो ऐकून घेत होता. मग त्यानं अगदी सरळ, कसलाही टोमणा न मारता विचारलं, "तू तुझी कुठं घातलीस?"

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी म्हणालो, अजून एक वर्ष ठेव. दर शनिवारी सकाळी मी व्हिडिओवर तिसरी-चौथीला इंग्रजी आणि गणित घेतो, गुरुजींशी बोलतो, टीव्ही आहेच शाळेत. आणि वीजबिल थकलं तर तेवढं मंडळाच्या वर्गणीतून जाईल असं बघतो, ग्रॅनाइट थोडं कमी लावू. तो म्हणाला, "शनवारी? दर शनवारी? तुमच्या त्या हापिसात जमंल?"

जमेल म्हणालो. गुरुजींना परवा फोन केला, ते हो म्हणाले, पण खेळाचा तास मोडू नका म्हणाले. भाऊ अजून काही बोललेला नाही. जूनमध्ये सांगतो म्हणालाय.